टॅक्सीत बसलेलं करडू

इंग्रजीत दोन तोतये शब्द आहेत. कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात: गॅम्बल आणि गॅम्बल. फक्त स्पेलिंगचं शेपूट पाहिलं की कोण कुठला ते कळतं. एकाच्या शेवटी एल-ई असतं, दुसऱ्याच्या शेवटी ओ-एल. एल-ईवाला पक्का जुगारी आहे. पैसे लावा, हरा, पुन्हा लावा, हे त्याचं काम. ओ-एलवाला मात्र साधाभोळा. त्याचा अर्थ उड्या मारत बागडणं, हुंदडणं, मनात आलं म्हणून टणकन हवेत उसळणं. चेहरा एक असला तरी दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. जुगारी गॅम्बल ‘गेम’ या शब्दाच्या घरातला. बागडणारा गॅम्बल कुठला, ते शोधायला आपल्याला थेट घोड्याच्या पायाशी जावं लागेल.

हा बागडणारा शब्द आता म्हातारा झालाय. आज एखादा इंग्रज मुलगा आईला सांगणार नाही, की मी जरा मैदानावर गॅम्बल करून येतो. सांगितलंच, तर आई आधी त्याचे खिसे तपासेल! पण चारशे वर्षांपूर्वी हा शब्द चांगला तरुण होता. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात राजपुत्राला स्मशानात राजाच्या जुन्या विदूषकाची कवटी सापडते. लहानपणी याच विदूषकाने त्याला पाठीवर घेऊन फिरवलेलं असतं. त्या कवटीला तो विचारतो, तुझ्या त्या कोलांट्याउड्या आता कुठे गेल्या? तिथे शेक्सपिअरने हाच शब्द वापरला आहे. पूर्वी नाताळातल्या खेळांना आणि धांगडधिंग्यालाही ‘ख्रिसमस गॅम्बल्स’ म्हणत. आता हा शब्द राहिलाय तो बहुतेक कोकरांपुरता. इंग्लंडमध्ये वसंत ऋतूत हिरव्या कुरणांवर मेंढ्यांची पिल्लं उड्या मारू लागली, की लिहिणाऱ्यांना हमखास त्याची आठवण होते.

आता घोड्याचा पाय. जुन्या लॅटिनमध्ये ‘गाम्बा’ असा शब्द होता. घोड्याच्या पायाचा सांधा, तो जिथे वाकतो ती जागा, असा त्याचा अर्थ. त्याच्याही मागे ग्रीक ‘काम्पे’ हा शब्द आहे असं मानतात. त्याचा अर्थ बाक, वळण. पुढे इटालियन माणसं सगळ्याच पायाला गाम्बा म्हणू लागली. पायावरून झाली ‘गाम्बाता’, म्हणजे लाथ किंवा उडी. ती फ्रान्समध्ये जाऊन ‘गांबाद’ झाली, आणि 16व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पोचली. तेव्हा तिचा अर्थ होता घोड्याने मारलेली उडी. इंग्रजांनी तिचं शेपूट आपल्या सवयीप्रमाणे वळवलं. कुणी गॅम्बॉल्ड लिही, कुणी गॅम्बॉड. असं ओढून-ताणून शेवटी गॅम्बल उरलं. घोड्याची उडी मग माणसांची झाली, माकडांची झाली आणि फिरत फिरत कोकरांकडे आली.

या गाम्बाची बाकीची पिल्लावळ तर आणखी मजेदार आहे. पाश्चात्त्य संगीतात ‘व्हायोला दा गाम्बा’ नावाचं जुनं वाद्य आहे, म्हणजे पायाचं व्हायोला. ते मांडीवर आडवं घेत नाहीत, गुडघ्यांत उभं धरून गजाने वाजवतात. फ्रेंच लोक पायाला ‘जांब’ म्हणतात. त्याच शब्दावरून दाराच्या चौकटीच्या दोन उभ्या बाजूंना इंग्रजीत जॅम म्हणतात. थोडक्यात, दारालाही दोन पाय आहेत आणि आपण रोज त्यांच्या मधून जातो.

पण माझा सगळ्यात लाडका नातेवाईक आहे बुद्धिबळाच्या पटावरचा. गॅम्बिट! डावाच्या सुरुवातीलाच आपलं एक प्यादं मुद्दाम पुढे करायचं आणि म्हणायचं, घे, खा. समोरच्याने खाल्लं, की त्याची मांडणी थोडी विस्कटते, आणि आपल्याला पटावर मोकळी जागा मिळते. या चालीला पायाचं नाव कसं पडलं? इटालियनमध्ये ‘गांबेत्तो’ म्हणजे कुस्तीत पायात पाय घालून समोरच्याला पाडणं. 16व्या शतकात रुई लोपेझ नावाचा एक स्पॅनिश धर्मगुरू होता, बुद्धिबळातला मोठा खेळाडू. तो रोमला गेला, तिथे त्याने हा शब्द ऐकला आणि 1561 साली आपल्या बुद्धिबळाच्या पुस्तकात वापरला. तेव्हापासून लाल मातीवरचा डाव चौसष्ट घरांवर आला तो कायमचाच. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 साली वयाच्या 19व्या वर्षी महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तो खेळ असा पायात पाय घालण्याचा आहे. फक्त पडणाऱ्याला खरचटत नाही एवढंच.

हे पायात पाय घालणं लक्षात ठेवा, थोड्या वेळाने ते विज्ञानात परत लागणार आहे.

त्याआधी करडाकडे वळू, कारण शीर्षकात त्याला टॅक्सीत बसवून ठेवलंय. उड्यांसाठी इंग्रजीत आणखी एक जुना शब्द आहे, ‘केपर’. लॅटिनमध्ये ‘कापेर’ म्हणजे बोकड आणि ‘काप्रा’ म्हणजे शेळी. त्यावरून इटालियन ‘काप्रिओला’, उसळती उडी. केपर हे तिचंच तुटकं रूप. (पिझ्झ्यावर हिरव्या आंबट कळ्या असतात, त्यांनाही केपरच म्हणतात, पण त्या वेगळ्या झाडाच्या, बोकडाचा आणि त्यांचा संबंध नाही.) नाव शेळीचं असलं तरी ही उडी सगळ्यात झोकात मारतात ते घोडे. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहरात घोडेस्वारीची एक शाळा आहे, चारशे वर्षांहून जुनी. तिथले पांढरेशुभ्र लिपिझानर घोडे ‘काप्रिओल’ करतात: चारही पाय उचलून जमिनीवरून वर जायचं, आणि सगळ्यात उंच असताना मागचे दोन पाय सप्पकन मागे झाडायचे. हे शिकायला घोड्याला कित्येक वर्षं लागतात. करडाला जन्मल्यापासून काही दिवस पुरतात, आणि शिकवायला कुणी लागत नाही. बॅले नृत्यातही ‘काब्रिओल’ नावाची उडी आहे.

आणि टॅक्सी? 18व्या शतकात फ्रान्समध्ये दोन चाकांची, एका घोड्याची हलकीफुलकी गाडी निघाली. खडबडीत रस्त्यावरून ती अशी उसळत जायची, की लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘काब्रिओले’, करडासारखी उड्या मारणारी. ही गाडी लंडनला भाड्याने फिरू लागली. एवढं लांब नाव हाक मारायला कुणाला वेळ आहे? 1820 नंतर तिचं झालं कॅब. घोडा गेला, मोटार आली. भाडं मोजणारं टॅक्सीमीटर बसलं आणि टॅक्सीकॅब झाली. मुंबईत कुणी ‘अरे, कॅब बोलावली का?’ म्हणतं तेव्हा त्या फोनमधल्या गाडीत एक करडू चढून बसलेलं असतं. रस्त्यात खड्डे लागले, की ते जागं होतं.

शब्दांची करमणूक झाली. आता खऱ्या पायांकडे पाहू. कोकरू किंवा करडू नेमकं करतं काय? ते चालता चालता एकदम थांबतं. मग चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचलतं, ताठ पायांनी सरळ वर उडतं, हवेतच कंबर पिळतं, डोकं एकीकडे आणि ढुंगण दुसरीकडे. खाली उतरल्यावर कान झटकतं, जणू काही झालंच नाही. एकाने सुरू केलं, की बाकीची येऊन मिळतात. मग टोळीची टोळी उंचवट्यापर्यंत धावते, वळते, परत येते. उंचवटा नसला, तर बसलेल्या आईच्या पाठीवर चढतात. मेंढीचं तोंड तेव्हा बघण्यासारखं असतं. घरी किंवा गावी शेळ्या असतील, तर हे तुम्हाला सांगायला नको.

बरं, हे फक्त कोकरांचं नाही. खूश झालेला ससा हवेत उडी मारून अंग पिळतो; ससे पाळणाऱ्या इंग्रजांनी त्याला ‘बिंकी’ असं नाव दिलंय. गिनीपिग जागच्या जागी टुणटुण उडतो, त्याला ते ‘पॉपकॉर्निंग’ म्हणतात. कढईत लाह्या फुटतात तसंच दिसतं ते. आणि बर्लिनमधल्या शास्त्रज्ञांनी 2016 साली पाहिलं, की प्रयोगशाळेतल्या उंदराला गुदगुल्या केल्या, की तोही उड्या मारतो. जर्मन भाषेत अशा उडीला एक तयार शब्द आहे, ‘फ्रॉइडेनश्प्रुंग’, आनंदाची उडी. शास्त्रज्ञांनी तोच वापरला. गुदगुल्या होताना उंदीर हसल्यासारखा आवाजही काढतो. तो आपल्याला ऐकू येत नाही, कारण त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 50,000 असते आणि आपले कान 20,000च्या पुढे बहिरे. हा आवाज आनंदाचा आहे हे याक पांक्सेप या शास्त्रज्ञाने आधीच दाखवून दिलं होतं. 2019 साली बर्लिनच्याच गटाने उंदरांना माणसांबरोबर लपाछपी खेळायला शिकवलं. बक्षीस म्हणून खाऊ नव्हता, गुदगुल्याच होत्या. तरीही उंदीर पुन्हा पुन्हा खेळत होते. सापडल्यावर काही उंदीर पळून पुन्हा लपत, म्हणजे डाव लांबवायची चलाखी त्यांनाही येते.

इथे कुणीतरी हात वर करून विचारायला हवं: प्रत्येक उडी आनंदाचीच कशावरून? अगदी बरोबर. आफ्रिकेतल्या स्प्रिंगबॉक हरणांकडे पाहा. ती ताठ पायांनी दोन मीटरपर्यंत उंच उडतात. तिथल्या आफ्रिकान्स भाषेत त्याला ‘प्रॉंक’, म्हणजे मिरवणं, म्हणतात. सेरेंगेटीच्या मैदानातली थॉम्सन गझेल हरणंही शिकारी मागे लागला की अशाच उड्या मारतात. जीव वाचवायचा तर धावत सुटावं, वर कशाला उडायचं? शास्त्रज्ञांनी तिथल्या रानकुत्र्यांच्या शिकारी पाहिल्या, तेव्हा असं दिसलं, की ती कुत्री कमी उड्या मारणाऱ्या हरणांच्या मागे जास्त लागतात. त्या उड्यांचा अर्थ आहे, ‘बघ माझ्या पायात किती दम आहे, उगाच दमू नकोस.’ अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरी अभयारण्यात काळवीट आहेत, तीही घाबरली की अशा उंच उड्या घेत पळतात. फोटोत ती बागडल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात ती निरोप देत असतात.

मग खेळ ओळखायचा कसा? अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातले गॉर्डन बर्गहार्ट यांनी यावर आयुष्य घालवलं आणि 2005 साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं: त्या हालचालीतून लगेच काही मिळत नसेल, प्राणी ती आपणहून करत असेल, खरी हालचाल जरा फुगवून किंवा अर्धवट करत असेल, परत परत पण जरा बदलून करत असेल, आणि पोट भरलेलं, भीती नाही, अशा निवांत वेळी करत असेल, तर तो खेळ. वाघ मागे लागलेलं हरीण शेवटच्या अटीतच नापास होतं. ही फूटपट्टी घेऊन बर्गहार्ट अशा प्राण्यांकडेही गेले, ज्यांच्याकडे खेळ शोधायला कुणी जात नसे. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात पिगफेस नावाचं एक आफ्रिकन कासव होतं. एकटं राहून कंटाळलेलं ते बिचारं स्वतःच्याच पंजांनी स्वतःला ओरबाडायचं. रखवालदारांनी त्याच्या पाण्यात चेंडू, काठ्या टाकल्या. कासव चेंडू नाकाने ढकलत तळ्यात फिरू लागलं, आणि त्याचं ओरबाडणंही कमी झालं. 2022 साली लंडनच्या शास्त्रज्ञांना तर भुंग्यासारख्या गुबगुबीत बम्बलबी माश्या छोटे लाकडी चेंडू लोळवताना दिसल्या. बक्षीस काही नाही, जवळच साखरपाणी ठेवलेलं, तरी माश्या चेंडूकडे येत होत्या!

म्हणजे निसर्गात खेळ भरपूर आहे. पण तो फुकट नाही. दूध पिऊन कमावलेली ताकद कोकरू उड्यांत उधळतं. काही वेळा तर जिवावर बेततं. पेरू देशाच्या किनाऱ्यावर रॉबर्ट हारकोर्ट या शास्त्रज्ञाने फर सील नावाच्या सागरी प्राण्यांची पिल्लं पाहिली. मोठे समुद्रसिंह उथळ पाण्यात येऊन पिल्लं पकडत. मारल्या गेलेल्या 26 पिल्लांपैकी 22 पिल्लं त्या क्षणी खेळण्यात दंग होती. एवढी किंमत मोजूनही पिल्लं खेळायची थांबत नाहीत. मग त्या बदल्यात मिळतं तरी काय?

जुनं उत्तर आहे सराव. मोठेपणी पळायचंय, झुंजायचंय, म्हणून आत्तापासून तालीम. हे पटतं, पण त्यात एक खोच आहे. पळण्याचा सराव करायचा तर सरळ पळावं. ही हवेतली पिळवटलेली, वेडीवाकडी उडी कशाची तालीम? मोठी मेंढी लांडग्यापासून पळताना मधेच कंबर पिळून उडत नाही.

2001 साली मारेक श्पिन्का, रुथ न्यूबेरी आणि मार्क बेकॉफ या तिघांनी एक वेगळा विचार मांडला, आणि मला तो फार आवडतो. ते म्हणतात, पिल्लू खेळताना मुद्दामच स्वतःचा तोल घालवतं. जमीन सोडल्यावर हवेत कंबर पिळली, तर पाय कुठे टेकतील याचा भरवसा नसतो. पिल्लू धडपडतं, सावरतं, पुन्हा तेच करतं. खऱ्या आयुष्यात दगड निसटतो, कुणी धक्का देतं, पाय घसरतो. आणि असं काही कधी सांगून होत नाही. ते होईल तेव्हा घाबरून न जाता पुन्हा पायांवर कसं यायचं, ते पिल्लू खेळातच शिकून घेतं. आठवतोय तो ‘गांबेत्तो’? कुस्तीत दुसऱ्याच्या पायात पाय घालायचा, आणि इथे कोकरू स्वतःच्याच पायात पाय घालतं!

या विचाराला जोड देणाऱ्या गोष्टी आहेत. जॉन बायर्स यांनी सायबेरियन आयबेक्स या डोंगरी रानशेळीच्या करडांचं निरीक्षण केलं. सपाट जागा असूनही ती करडं खेळायला मुद्दाम उतार निवडत. पडायची शक्यता जिथे जास्त, तिथे खेळ जास्त! याच बायर्स यांनी पुढे कर्टिस वॉकर यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट तपासली. डोक्यात मागच्या बाजूला अनुमस्तिष्क नावाचा मेंदूचा भाग असतो, तो तोल आणि हालचाली सांभाळतो. उंदीर आणि मांजर यांच्या पिल्लांत या भागातल्या पेशींच्या जोडण्या ज्या दिवसांत पक्क्या होत असतात, नेमक्या त्याच दिवसांत पिल्लं सगळ्यात जास्त उड्या मारतात. त्यानंतर खेळ हळूहळू ओसरतो. म्हणून गोठ्यात म्हातारी शेळी शांतपणे रवंथ करत असते, आणि तिच्या पाठीवर करडू नाचत असतं.

पशुवैद्यांना या उड्यांचा एक रोकडा उपयोग सापडलाय. वासराचं दूध कमी केलं, की त्याचं हुंदडणं कमी होतं. शिंगांचे कोंब तापलेल्या लोखंडाने डागल्यावर वासरू दुखण्यामुळे कमी उड्या मारतं, आणि दुखणं थांबवणारं औषध दिलं, तर ते जास्त खेळतं. वासराला ‘कुठे दुखतंय रे?’ विचारता येत नाही, पण त्याच्या उड्या मोजता येतात. आजारी पोरगं पलंगावर उड्या मारायला लागलं, की आजी थर्मामीटर न लावता ‘ताप उतरला’ म्हणते ना, तिची पद्धत हीच आहे. मग दुसऱ्या दिवशी तीच आजी ‘किती हुंदडशील, बस की आता!’ असं ओरडते, ते वेगळं.

खेळ ओसरतो म्हटलं खरं, पण तो पूर्ण आटत नाही. स्वीडनमध्ये हिवाळा लांबलचक असतो, आणि गायी महिनोन्‌महिने गोठ्यात असतात. वसंत आला की एक दिवस ठरवून गोठ्याची दारं उघडतात. त्या दिवसाला तिथे ‘कूस्लेप’ म्हणतात, म्हणजे गायी सोडण्याचा दिवस. चांगल्या पाच-सहाशे किलोंच्या पोक्त गायी दारातून बाहेर येतात, हिरवं गवत पाहतात आणि मागचे पाय झाडत, शेपट्या उभारून, जड कास डोलवत चौखूर उधळतात. एखादी घसरते, उठते, पुन्हा उधळते. आपल्याकडे शिंगं मोडून वासरांत शिरणं ही थट्टा आहे. तिथे हा प्रकार पाहायला लोक पोराबाळांना घेऊन, डबे बांधून, सकाळपासून कुंपणाशी उभे असतात. दार उघडायला उशीर झाला, तर आतून गायी हंबरतात आणि बाहेरून पोरं ओरडतात.